शरदातली लाली, उन्हाळ्यातली निगा

जपानी मेपल घरच्या बागेत लावला जातो तो शरदातल्या लालीसाठी. ती लाली येते कुठून हे समजलं, की झाडाची निगा कशी राखायची हेही उमगतं.

दिवस लहान होऊ लागले, की झाड पानांतलं हरितद्रव्य मोडू लागतं आणि नायट्रोजन फांद्यांत परत ओढून घेतं. हिरव्याआड दडलेला पिवळा रंग मग उघडा पडतो. लाल रंग मात्र तेव्हा नव्याने तयार होतो. त्याचं नाव अँथोसायनिन. ते घडवायला पानात साखर हवी. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गोठवणार नाही इतका गारवा लाभला, तर लाली गडद होते.

पण ऑगस्टमध्येच कडा करपलेलं पान ऑक्टोबरात रंगणार कसं? मेपलची मुळं तंतुमय आणि उथळ असतात. उन्हाच्या झळांत पानातून जितकं पाणी उडून जातं, तितकं ती पुरवू शकत नाहीत. म्हणून सकाळचं ऊन, दुपारची सावली आणि वाऱ्याला आडोसा असलेली जागा निवडावी. माती निचऱ्याची, किंचित आम्लधर्मी असावी. लावताना बुंधा पुरू नये. खोड रुंदावून मुळांना मिळतं तो भाग मातीवर दिसलाच पाहिजे. भोवती 5 ते 7 सेंटीमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन घालावं, पण ते खोडाला भिडवू नये.

उन्हाळा सरताना नायट्रोजनयुक्त खत देऊ नये, कारण त्याने आलेली कोवळी फूट हिमाने जळते. हिवाळ्याच्या अखेरीस छाटणी केली तर कापातून रस वाहत राहतो. भर उन्हाळ्यात केलेली बरी. 'ब्लडगुड'सारख्या निवडक जाती कलमाने वाढवतात, त्यामुळे कलमाच्या जोडाखालून आलेले धुमारे लगेच काढावेत.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या अंगणात हे सगळं सहज जमेल. मुंबई-पुण्यात नाही, कारण कळ्या नीट फुटायला मेपलला थंडीची दीर्घ विश्रांती लागते. त्यासाठी हळहळायचं मात्र कारण नाही. सह्याद्रीतला कुसुंब मेपलच्याच कुळातला, रिठ्याच्या कुळातला. वसंतात त्याची कोवळी पालवी लालभडक होते, तीही अँथोसायनिननेच. अंगणात जागा असेल, तर आपण कुसुंब लावावा.