प्रबळगड : वर सपाट, वाट उभी

ऐरोलीहून पहाटेची पनवेल लोकल पकडली, की उभं राहावं लागत नाही. पुढे दिवसभर उभंच राहायचंय. पनवेलहून ठाकूरवाडी, तिथून प्रबळमाची. माचीवरच्या ठाकर वस्तीत मी दर खेपेला लिंबू सरबत घेते आणि गुडघ्याचा पट्टा घट्ट करते. इथे बहुतेक पोरं कलावंतीण सुळक्याच्या कोरीव पायऱ्यांकडे वळतात. फोटो तिथला छान येतो ना! शेजारचा रुंद प्रबळगड मात्र मोकळा राहतो. माझं काय बिघडलं?

वाट घळीतून चढते, दगड पायाखाली सरकतात. कातळाला नाक लावून बघितलं तर काळ्या खडकात पांढरे स्फटिक दिसतात: लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्यांत नंतर भरलेले. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी हा रस थरावर थर पसरला, आडवा. वरचा टणक थर टिकला, कडेचा झिजला, म्हणून माथा टेबलासारखा. केपटाऊनचा टेबल माउंटनही सपाटच, पण तो वालुकाश्माचा.

1665च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी दिलेल्या 23 किल्ल्यांत प्रबळगडही होता. आज माथ्यावर दाट रान आहे. एकदा तासभर भरकटले होते, तेव्हापासून वाटाड्या घेतेच. कड्यावर आलं की समोर माथेरान, तेही असंच सपाट. नैऋत्येला कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका, पश्चिमेला खाडीवरचं धुकट. त्या धुकटात कुठेतरी माझी वाळत घातलेली चादर असेल.