खेळाच्या पेटीची धूळपेरणी

मृगाच्या आधी कोरड्या रानात बी टाकायचे आणि मग आभाळाकडे डोळे लावून बसायचे, याला आपल्याकडे धूळपेरणी म्हणतात. पाऊस वेळेवर आला तर पीक सगळ्यांच्या पुढे निघते. नाही आला तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचे पैसे पुन्हा मोजणे आले. चाकूरच्या माणसाला हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही. पण दिवाळीच्या सुटीत मुलगा जेव्हा टीव्हीला जोडायच्या नव्या गेम कन्सोलचा, म्हणजे खेळाच्या पेटीचा, हट्ट धरून बसतो, तेव्हा भलेभले हा हिशेब विसरतात. बाजारात नवी पेटी आली की ती पहिल्याच दिवशी घ्यावी, की थोडे थांबावे? प्रश्न पोरकट वाटेल. पण रक्कम पोरकट नाही आणि त्यात गुंतलेली मुलाची दोन-तीन वर्षे तर मुळीच नाहीत.

पेटी ही नुसती चूल आहे. तिच्यावर काय शिजणार हे खेळांवर अवलंबून असते आणि खेळ वेगळे विकत घ्यावे लागतात. म्हणून नव्या पेटीबद्दल पहिला प्रश्न ‘किती वेगवान’ किंवा ‘किती ताकदवान’ हा नसून, ‘आज दुकानात तिच्यासाठी कोणते खेळ आहेत’ हा असायला हवा.

पट्टी आणि पावती

सोनी कंपनीची प्लेस्टेशन ५ ही पेटी परदेशात नोव्हेंबर २०२० मध्ये आली. भारतात ती २ फेब्रुवारी २०२१ रोजी आली. किंमत होती ४९,९९० रुपये. १२ जानेवारीला आगाऊ नोंदणी सुरू झाली आणि काही मिनिटांतच माल संपला. पुढे कित्येक महिने लोक जादा पैसे मोजून ती मिळवत होते.

आता त्या वेळच्या खरेदीची बेरीज मांडून पाहू. पेटीबरोबर एकच कंट्रोलर येतो. घरात दोन भावंडे असली की दुसरा घ्यावाच लागतो. तो ५,९९० रुपयांचा. ‘डेमन्स सोल्स’ हा खेळ ४,९९९ रुपयांना आणि ‘स्पायडर-मॅन : माइल्स मोरालेस’ ३,९९९ रुपयांना. एकूण ६४,९७८ रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे ही पावती बारा क्विंटलांहून अधिक सोयाबीनची झाली, तीही हमीभाव पदरात पडला तर. मोंढ्यात प्रत्यक्ष कोणता भाव मिळतो हे ज्याच्या हातात आडत्याची पट्टी असते त्यालाच ठाऊक. कोरडवाहू रानात एकरी सहा-सात क्विंटल धरले, तरी पावणेदोन एकरांचे पीक या एका खरेदीत जाते. त्यातून बियाणे, खत, फवारणी आणि मळणी वजा केलेलीच नाही.

एवढे पैसे मोजून पहिल्या दिवशी हाती काय आले? ‘ॲस्ट्रोज प्लेरूम’ हा गोड पण छोटा खेळ पेटीतच फुकट होता. ‘डेमन्स सोल्स’ हा २००९ सालच्या खेळाचा नवा अवतार, आणि तोही चांगला खेळणाऱ्याच्या नाकी नऊ आणणारा. घरातल्या लहानग्यांसाठी नव्हेच. ‘स्पायडर-मॅन’ आणि मुलांना आवडणारा ‘सॅकबॉय’ हे दोन्ही खेळ जुन्या प्लेस्टेशन ४ वरही चालत होते. ज्याच्या घरी जुनी पेटी होती त्याचे या दोन खेळांसाठी काहीच अडले नव्हते.

खेळ मागे का राहतात?

यात कोणाची लबाडी नाही. धंद्याचे गणित आहे. मोठा खेळ तयार करायला शेकडो माणसे आणि तीन-चार किंवा त्याहूनही अधिक वर्षे लागतात. नवी पेटी पहिल्या दिवशी फार थोड्या घरांत असते. प्लेस्टेशन ४ मात्र तोवर अकरा कोटींहून अधिक विकली गेली होती. एवढे गिऱ्हाईक सोडून केवळ नव्या पेटीसाठी खेळ काढणे कोणत्या कंपनीला परवडेल? म्हणून सुरुवातीची दोन-तीन वर्षे एकच खेळ नव्या-जुन्या दोन्ही पेट्यांसाठी निघतो. २०२२ मध्ये आलेले ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’, ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ आणि ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ हे तिन्ही गाजलेले खेळ जुन्या पेटीवरही चालत होते. नव्या पेटीची खरी ताकद दाखवणारा ‘रॅचेट अँड क्लँक : रिफ्ट अपार्ट’ जून २०२१ मध्ये आला आणि ‘स्पायडर-मॅन २’ तर ऑक्टोबर २०२३ मध्ये.

संख्येने भुलू नये

जाहिरातीत खेळांची लांबलचक यादी असते. त्या यादीच्या लांबीवरून काहीच ठरत नाही, हे या धंद्याच्या इतिहासात वारंवार दिसले आहे. निन्टेन्डो ६४ ही पेटी १९९६ मध्ये अमेरिकेत आली तेव्हा तिच्यासोबत दोनच खेळ होते. पण त्यांतला एक ‘सुपर मारिओ ६४’ होता आणि त्या एकट्यासाठी लोकांनी पेटी घेतली. उलट सेगा कंपनीची ड्रीमकास्ट सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत दीड डझन खेळ घेऊन उतरली. सुरुवात दणक्यात झाली, आणि जानेवारी २००१ मध्ये कंपनीने तिचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास, मार्च २००० मध्ये, जपानमध्ये प्लेस्टेशन २ आली तेव्हा तिचे पहिले खेळ यथातथाच होते. अनेकांनी ती डीव्हीडी पाहण्यासाठी घेतली. पुढे तीच पेटी सोळा कोटींवर विकली गेली.

निन्टेन्डोची हातात धरून खेळायची थ्रीडीएस २०११ मध्ये अमेरिकेत २५० डॉलरना आली, पण मारिओचा नवा खेळ सोबत नव्हता. विक्री थंडावली आणि पाच महिन्यांच्या आत किंमत १७० डॉलरवर आणावी लागली. आधी घेतलेल्यांची समजूत काढायला कंपनीने वीस जुने खेळ फुकट दिले. ज्यांची वाट पाहिली जात होती ते मारिओचे दोन खेळ नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये आले. जो सहा-आठ महिने थांबला, त्याला पेटी स्वस्त मिळाली आणि खेळही मिळाले.

पहिल्या मालातले दोष हीदेखील घाई करणाऱ्याच्याच वाट्याची गोष्ट. मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये परदेशात आली आणि भारतात सप्टेंबर २००६ मध्ये. तापून बंद पडणाऱ्या आणि तांबडे दिवे दाखवणाऱ्या पेट्यांची संख्या इतकी वाढली, की जुलै २००७ मध्ये कंपनीला त्या बिघाडासाठी हमीची मुदत तीन वर्षे करावी लागली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. मुंबई-पुण्याच्या माणसाला बिघडलेली वस्तू दुरुस्तीला नेऊन देता येते. चाकूरहून ती खोक्यात भरून कुरिअरने पाठवायची आणि परत येण्याची वाट पाहायची.

चाकूरचा वेगळा हिशेब

महानगरातल्या मासिकांनी दिलेला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही. आजकालचा मोठा खेळ शंभर जीबीच्या घरात जातो. रोज दोन जीबीचा मोबाइल पॅक असलेल्या घरात तो उतरवून घ्यायला पन्नास दिवस लागतील, तेही बाकी कोणी फोनला हात लावला नाही तर! घरात ब्रॉडबँड नसेल तर डिस्कची खाच नसलेली पेटी, दोन पैसे स्वस्त असली, तरी घेऊ नये. डिस्क मित्राला देता येते, त्याच्याकडची आणता येते, कंटाळा आला की विकता येते. इंटरनेटवरून घेतलेला खेळ ज्याने घेतला त्याच्याच गळ्यात राहतो. शिवाय वीज मधूनच जाते, व्होल्टेज वरखाली होते. पन्नास हजारांच्या वस्तूला स्टॅबिलायझर किंवा चांगला यूपीएस लावायचा, तर तो खर्चही याच पावतीत धरावा.

निन्टेन्डोची स्विच २ घ्या. ५ जून २०२५ रोजी ती जगभर आली आणि चार दिवसांत पस्तीस लाख पेट्या खपल्या. सोबतचा ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ हा गाड्या पळवण्याचा खेळ म्हणजे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकत्र बसवणारा. पहिल्या दिवशी पेटी घेण्याचे सबळ कारण कोणते, असे विचारले तर असा खेळ, हेच उत्तर द्यावे लागेल. पण यादीतले बाकीचे बरेच खेळ इतर पेट्यांवर आधी येऊन गेलेले होते. काही खेळांच्या तर कार्डात खेळच नव्हता, खेळ उतरवून घेण्याची किल्ली तेवढी होती. आणि भारतात या पेटीची अधिकृत विक्री झालीच नाही. अमेरिकेत ४५० डॉलरना आलेली ही वस्तू इथे आणणारा व्यापारी वर किती लावेल ते त्याच्या मर्जीवर. बिघडली तर दाद कोणाकडे मागायची?

थांबण्याचीही किंमत असते

मग ‘थांबा’ एवढे सांगून मोकळे व्हावे काय? तसे नाही. थांबले की वस्तू स्वस्त होते, हा जुना नियम आता मोडला आहे. प्लेस्टेशन ५ ची किंमत भारतात २०२२ मध्ये उतरण्याऐवजी वाढली आणि ४९,९९० ची ५४,९९० झाली. एप्रिल २०२४ मध्ये तिचे सडपातळ रूप आले तेही त्याच किमतीला. २०२५ मध्ये अमेरिकेतही सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनी भाव वाढवले. सणासुदीला सूट मिळते हे खरे. पण दोन वर्षे थांबल्यावर पेटी निम्म्या किमतीत मिळेल, या भरवशावर आता कोणी राहू नये.

याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. आपण लातूरच्या छायेत राहतो. लातूर पॅटर्नचा लौकिक मोठा, तशी त्याची शिस्तही कडक. मूल सातवीत आहे तोवर घरात खेळाला जागा असते. नववीत ती आकसते, दहावीत पेटी कपाटावर जाते आणि अकरावी-बारावीला नीट किंवा जेईईच्या रगाड्यात मूल बहुधा लातूरच्या खोलीवर असते. म्हणजे चाकूरच्या मुलाला खेळायला मोजून तीन-चार वर्षे मिळतात. खेळ पिकायला लागतात दोन-तीन वर्षे. सातवीतल्या मुलासाठी पहिल्या दिवशी पेटी घ्यावी, तर चांगले खेळ येईतो तो दहावीच्या उंबरठ्यावर येतो. आणि खेळ येईपर्यंत थांबावे, तरी तेच! घाई करणारा आणि थांबणारा दोघेही फसतात.

पिकलेल्या आंब्याची पेटी

या पेचातून वाट काढायची तर थोडे मागे वळून पाहावे. १९९० च्या दशकात ‘सामुराई’सारख्या नावांनी कॅसेटचे व्हिडिओगेम आपल्या बाजारात आले. ते निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या पेटीच्या नकला होत्या. खरी नवी पेटी तेव्हा आपल्याला परवडण्यासारखीच नव्हती. सेगाची मेगा ड्राइव्ह १९८८ साली जपानमध्ये निघालेली. ती १९९५ मध्ये शॉ वॉलेसमार्फत भारतात आली ती १८,००० रुपयांना. बाहेरून आणायची तर ८० टक्के आयात कर होता. त्या काळी अठरा हजार म्हणजे केवढी रक्कम, हे आज घरातल्या मोठ्यांना विचारावे. पण नकली पेटीवर का होईना, मारिओ आणि कॉन्ट्रा खेळलेल्या पिढीला कधी काही कमी पडल्याचे आठवत नाही. याचे कारण साधे आहे. ते खेळ १९८५ ते १९८८ या काळातले, जगाने निवडून घेतलेले होते. दहा वर्षांचे उत्तम तेवढे आपल्यापर्यंत पोचले होते.

नकला घ्याव्यात असे सांगायचे नाही. पण त्यातला धडा घेण्यासारखा आहे. नवी पेटी बाजारात येते त्याच सुमारास मागच्या पिढीची पेटी सर्वांत समृद्ध झालेली असते. तिचे खेळ भरपूर, त्यांच्या डिस्क जुन्या बाजारात स्वस्त, दोष उघड होऊन दुरुस्त झालेले. शिवाय प्लेस्टेशन ४ चे बहुतेक खेळ प्लेस्टेशन ५ वरही चालतात. पुढेमागे नवी, डिस्कची खाच असलेली पेटी घेतलीच, तर घरातल्या जुन्या डिस्क वाया जात नाहीत. ज्या मुलाच्या हाती तीनच वर्षे आहेत, त्याला आज पिकलेला आंबा द्यावा. नव्या कलमाला मोहर कधी येईल याची वाट त्याने का पाहावी?

पहिल्याच दिवशी घेण्याला अपवाद एकच. त्या पेटीखेरीज कुठेही न चालणारा, घरातल्या तिघा-चौघांना एकत्र बसून वर्षभर खेळता येईल असा निदान एक खेळ त्याच दिवशी दुकानात हवा. पेटीची विक्री भारतात अधिकृत हवी आणि हमीचा कागद हाती हवा. हे सगळे जुळले तर घ्यावी, खुशाल घ्यावी. खेळण्यावर खर्च करणे हा काही गुन्हा नव्हे.

नाही तर या दिवाळीत एक करावे. मुलाला कागद-पेन घेऊन बसवावे आणि नव्या पेटीवर जे खेळ खेळायचे आहेत त्यांची यादी करायला सांगावी. मग त्यातले ‘येणार आहेत’ असे सगळे खोडावेत. जुन्या पेटीवर चालतात तेही खोडावेत. खाली जी दोन-चार नावे उरतील, त्यांची किंमत सोयाबीनच्या पट्टीशेजारी मांडून बापलेकांनी मिळून निर्णय घ्यावा. कागद कोरा राहिला, तर मुलालाही वेगळे काही समजावून सांगावे लागणार नाही.