घर कुणाचं, कर्ज कुणाचं, दागिने कुणाचे?

वेगळं व्हायचं ठरलं की संसारात वर्षं घालवलेली बाई आधी विचारते, "घर अर्धं माझंच ना?" उत्तर कटू आहे. गोवा सोडलं तर आपल्याकडे केवळ लग्नामुळे एकाच्या मालमत्तेत दुसऱ्याला वाटा मिळत नाही. हिंदू विवाह कायद्याचं (१९५५) कलम २७ लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या मालकीच्या वस्तूंपुरतं आहे. स्वयंपाक, मुलांचे अभ्यास, सासू-सासऱ्यांची दुखणी यात गेलेल्या वर्षांची नोंद कुठल्याच खरेदीखतात नसते. मला हा अन्याय वाटतो. तो थोडा दूर करणारं दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूरही झालं होतं, पण लोकसभेत ते अडलं आणि रद्दबातल झालं.

राहण्याचा हक्क वेगळा

मालकी नसली म्हणून लगेच घराबाहेर पडावं लागतं असं नाही. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या (२००५) कलम १७ नुसार, ज्या घरात एकत्र संसार झाला तिथे राहण्याचा हक्क स्त्रीला आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तर हा हक्क नाही, असं आधी मानलं जाई. ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती समजूत मोडीत काढली. कोर्ट पर्यायी जागा किंवा तिचं भाडंही देववू शकतं. मात्र हे छप्पर आहे, मालकी नव्हे. घटस्फोटानंतर ते टिकेलच या भरवशावर राहू नका. आपण कुठे राहणार हे तडजोडीतच लिहून घ्या.

फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांचं

शहरांत बहुतेकांची अडचण हीच असते. दोघं सहकर्जदार असतील तर बँक अख्खी थकबाकी कुणा एकाकडूनही वसूल करू शकते. "हप्ते तो भरेल" असं कोर्टातल्या कन्सेंट टर्म्समध्ये लिहिलं तरी बँक त्या करारात पक्षकार नसते. त्याने तीन हप्ते चुकवले तर सिबिल तुमचंही बिघडतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. घर ठेवणाऱ्याने आधी बँकेकडून कर्ज एकट्याच्या नावावर करून घ्यावं. त्यासाठी बँक त्याची मिळकत नव्याने तपासते, आणि कित्येकांचं गाडं इथेच अडतं. मग दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवायचा, त्यानंतर सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवरचं नाव बदलायचं. कर्ज झेपत नसेल तर फ्लॅट विकून, कर्ज फेडून उरलेलं वाटून घेणंच बरं. जिव्हाळ्यापोटी न परवडणारं घर धरून ठेवणं पुढे फार महागात पडतं.

महाराष्ट्रात पती-पत्नींनी एकमेकांना राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागतं. इतर आकार वेगळे. घटस्फोट झाल्यावर ते पती-पत्नी उरत नाहीत, त्यामुळे ही सवलतही राहत नाही. बदल्यात पैसे घेतले तर ते बक्षीसपत्र नव्हे. हुकूमनाम्याची तारीख येण्याआधीच वकिलांना याबद्दल विचारा.

पाटल्या, बांगड्या आणि लॉकर

माहेरून आलेलं, सासरहून तिला दिलेलं, तिला भेट म्हणून मिळालेलं सगळं स्त्रीधन. ते पूर्णपणे तिचंच. नवऱ्याच्या ताब्यात ठेवलं असलं तरी तो केवळ विश्वस्त असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. ते परत मिळालं म्हणून पोटगीचा हक्क संपत नाही.

भांडण होतं ते पुराव्यावरून. सराफाच्या पावत्या क्वचितच जपलेल्या असतात. अशा वेळी लग्नाचा अल्बम कामाला येतो: सीमांतपूजनात गळ्यात काय होतं, सूनमुखाच्या वेळी सासूबाईंनी काय घातलं, हे फोटोत दिसतं. यादी करा, प्रत्येक दागिन्यापुढे तो कुणी आणि केव्हा दिला ते लिहा. लॉकर दोघांच्या नावावर असेल तर एकट्याने जाऊन रिकामा करू नका. दोघांसमोर उघडा, वस्तूंची यादी करून त्यावर सह्या घ्या.

उत्पन्न लपवलं तर

रजनेश विरुद्ध नेहा (नोव्हेंबर २०२०) या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. बँक खात्यांचे उतारे, आयकर विवरणं, फॉर्म १६ यांच्या प्रती घरात असतानाच काढून ठेवा.

गोव्यात वेगळं

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा निम्मा वाटा असतो. पत्नीच्या सहीवाचून घर विकता येत नाही.

नॉमिनी

घटस्फोट झाला म्हणून बँक ठेवीवरचं किंवा डीमॅट खात्यावरचं नॉमिनीचं नाव आपोआप पुसलं जात नाही. फॉर्म भरून ते बदलावं लागतं. विमा मात्र नीट तपासा. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली (१८७४) नवऱ्याने पत्नीच्या नावे पॉलिसी काढली असेल तर ती तिच्यासाठीचा न्यास असते. त्यातलं तिचं नाव त्याला एकट्याला काढता येत नाही, त्यामुळे अशा पॉलिसीचे हप्ते पुढे कोण भरणार हेही कन्सेंट टर्म्समध्ये यायला हवं.