रेडीमेड पीठ, फ्रोझन मटार, तयार ग्रेव्ही: रात्रीच्या स्वयंपाकात नेमकं काय विकत आणावं?

संध्याकाळचे साडेसात वाजलेत. ऑफिसमधून यायला उशीर झालाय, मुलांना भूक लागलीये आणि ओट्यावर अजून काहीच नाही. अशा वेळी फ्रीजमधून इडली-डोशाच्या पिठाचं पाकीट बाहेर निघतं. त्याच्यासोबत एक टोमणाही येतो, 'सगळं आयतंच आणायचं, तर मग स्वयंपाक कसला?' हे कधी घरातलं मोठं माणूस म्हणतं, कधी रीलखाली कमेंट करणारं कुणी अनोळखी. आणि बऱ्याचदा करणाऱ्या बाईच्याच मनात ते येतं.

पण 'रेडीमेड' म्हणजे एकच गोष्ट नाही. सोललेला मटार पाकिटातच येतो आणि मसाला घातलेल्या नूडल्सही पाकिटातच येतात. वेळ दोन्हींनी वाचतो, पण ताटात येणारं अन्न फार वेगळं असतं. मग काय आणावं, काय टाळावं आणि पाकिटावर काय वाचावं?

हा वेळ नेमका कुणाचा आहे?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभरात वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या सहा वर्षांवरील महिलांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जात असल्याचं दिसलं. अशी कामं करणाऱ्या पुरुषांचा वेळ होता ८८ मिनिटं. म्हणजे एका बाजूला पावणेपाच तासांहून जास्त, तर दुसऱ्या बाजूला जेमतेम दीड तास.

यात झाडलोट, धुणीभांडी असं सगळंच येतं. पण स्वयंपाक हे रोजचं, न टळणारं काम. त्यामुळे 'आयतं आणावं का?' हा प्रश्न बहुतेक घरांत बाईच्या वेळेचा प्रश्न असतो.

आयतं आणणं ही नवी सवय आहे का?

अजिबात नाही. दोन-तीन पिढ्यांपूर्वी घरोघरी जात्यावर दळण व्हायचं. गिरणी आली आणि ते काम घराबाहेर गेलं. आज गिरणीतून दळून आणलेल्या पिठाला कुणी 'आयतं' म्हणत नाही.

पापडांचंही तसंच. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावातल्या सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातूनच लिज्जत उभं राहिलं. १९६३ मध्ये सुरू झालेल्या गिट्सने ढोकळा आणि गुलाबजामची मिक्स घराघरांत नेली. २००५ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या आयडी फ्रेशने इडली-डोशाचं ओलं पीठ पाकिटात आणलं. बचत गटांची भाजणी, मेतकूट आणि कोपऱ्यावरचं पोळी-भाजी केंद्र तर आपल्याकडे सवयीचंच झालंय.

म्हणजे प्रश्न आयतं आणण्याचा नाही, काय आयतं आणायचं याचा आहे.

साधा नियम: तयारी विकत घ्या, चव घरी करा

स्वयंपाकात सगळ्यात जास्त वेळ फोडणी द्यायला लागत नाही. निवडणं, सोलणं, भिजवणं, वाटणं, आंबवणं यातच तास जातात. ही सगळी 'तयारी'. ती विकत घेतली तर वेळ वाचतो आणि अन्न जवळपास तेच राहतं.

मीठ, तेल आणि साखर पाकिटातून येते ती मुख्यतः 'चवी'सोबत. तयार ग्रेव्ही, सूपची पावडर, नूडल्सचा मसाला यांत मिठाचं प्रमाण कंपनीने आधीच ठरवलेलं असतं. ते घरी कमी करता येत नाही. शिवाय चव द्यायला घरी फारसा वेळ लागतच नाही. मोहरी, हिंग, हळद, तिखट, गोडा मसाला घालायला पाच मिनिटं पुरतात.

मग काय आणावं?

फ्रोझन मटार: मटार तोडल्यावर त्यातल्या साखरेचं हळूहळू स्टार्चमध्ये रूपांतर होतं आणि गोडवा कमी होतो. म्हणून फ्रोझन मटार काढणीनंतर लवकरच गरम पाण्यातून काढून गोठवले जातात. त्यामुळे दोन-तीन दिवस टोपलीत पडून राहिलेल्या मटारापेक्षा ते पोषणात कमी असतीलच असं नाही. हवे तेवढेच काढा आणि वितळलेले मटार पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवू नका.

मोड आलेली कडधान्यं: मटकी-मूग भिजवून मोड यायला दीड-दोन दिवस जातात. भाजीवाल्याकडून मोडाची मटकी आणली तर उसळ अर्ध्या तासात होते. मोड स्वच्छ धुऊन नीट शिजवा, कारण ओलसर आणि उबदार जागेत जंतूही झपाट्याने वाढतात.

इडली-डोशाचं पीठ: चांगल्या पाकिटावर घटक मोजकेच असतात. तांदूळ, उडीद डाळ, पाणी, मेथी, मीठ. हे पीठ जिवंत असतं. त्यातले जिवाणू थंडीत मंदावतात, पण थांबत नाहीत. म्हणून पाकीट फुगतं आणि पीठ आंबट होत जातं. दुकानात फ्रीजबाहेर ठेवलेलं पाकीट घेऊ नका. तारखेत असलेलं पीठ थोडं जास्त आंबलं तर उत्तप्पे किंवा आप्पे करता येतात. मात्र बुरशी किंवा विचित्र वास आला तर सरळ फेकून द्या.

थालीपिठाची भाजणी: धान्यं-डाळी भाजून दळण्याचं मोठं काम यात आधीच झालेलं असतं. कांदा, कोथिंबीर, तिखट, मीठ घालून मळलं की वीस मिनिटांत जेवण तयार.

आलं-लसूण पेस्ट: सोलण्याचा कंटाळा वाचतो, पण अनेक पेस्टमध्ये मीठ आधीच असतं. ती वापरली तर भाजीत मीठ थोडं हात राखून घाला.

फ्रोझन पराठे: इथे जरा थांबा. काही पराठे मैद्याचे असतात आणि त्यांत तेल किंवा वनस्पती तूप भरपूर असतं. पुढे 'गहू' मोठ्या अक्षरात लिहिलं असलं तरी मागची यादी बघा.

पाकिटावर काय वाचायचं?

पाकिटाची पुढची बाजू जाहिरात असते, माहिती मागे असते. तिथे चार गोष्टी बघितल्या तरी पुरे.

पहिली गोष्ट, घटकांची यादी. भारतातल्या नियमांनुसार ज्याचं प्रमाण सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी लिहावं लागतं. पालक पनीरच्या पाकिटात पनीर पाचव्या क्रमांकावर असेल, तर त्याचा अर्थ तुम्हाला कळेलच.

दुसरी गोष्ट, सोडियम. मिलिग्रॅममधल्या सोडियमला अडीचने गुणलं की तेवढं मीठ पोटात जातं. समजा, एका सर्व्हिंगमध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे. म्हणजे २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे एका वाटीतच दिवसाचं ४० टक्के मीठ झालं, पोळी, लोणचं आणि पापड अजून बाकीच आहेत.

तिसरी गोष्ट, सर्व्हिंग. पाकीट एकट्याने संपवलं, पण त्यावर 'दोन सर्व्हिंग' लिहिलं असेल तर सगळे आकडे दुप्पट धरा.

चौथी गोष्ट, तारीख आणि साठवण. 'उघडल्यानंतर तीन दिवसांत वापरा' असं लिहिलेलं असेल, तर मागच्या आठवड्यात उघडलेल्या पाकिटाला छापील तारीख लागू होत नाही.

फ्रीजबाहेर टिकणारी भाजी घातक असते का?

दाल मखनी, राजमा, पुलाव अशी रेडी-टू-ईट पाकिटं महिनोन्‌महिने कपाटात टिकतात. म्हणजे त्यांत भरपूर प्रिझर्व्हेटिव्ह असणार, असा समज आहे. पण तसं असेलच असं नाही.

अन्न खास पाकिटात सीलबंद करून साधारण १२१ अंश सेल्सिअसला तापवतात. आतले जंतू मरतात आणि बाहेरची हवा आत जात नाही, म्हणून अन्न टिकतं. याला रिटॉर्ट तंत्र म्हणतात. सैनिकांच्या जेवणासाठी भारतात यावर म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने काम केलंय.

म्हणून अशा पाकिटांत टिकण्यापेक्षा मीठ आणि चरबीकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. प्रवासात किंवा आजारपणात त्यांचा आधार वाटतो, पण ती रोजच्या जेवणाची जागा घेऊ शकत नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक सूचनांतही अतिप्रक्रिया केलेले पदार्थ कमी खा आणि लेबल वाचा, असंच सांगितलंय.

आणि खिशाचं काय?

सोय विकत घेतली की पैसे जास्त जातातच. फक्त ते कशासाठी जातात हे बघा. पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किंमतही दिलेली असते. तुलना तिच्यावरून करा, एमआरपीवरून नको. तासभर वाचवणाऱ्या भाजणीला जास्त पैसे मोजणं परवडू शकतं. चिरलेल्या कांद्याच्या डब्याने मात्र पाचच मिनिटं वाचतात आणि तो लवकर खराबही होतो.

काही वेळा तर रेडीमेडची गरजच नसते. पिठलं पंधरा मिनिटांत होतं, मुगाच्या डाळीची खिचडी कुकरमध्ये अर्ध्या तासात. तयार सूपही जवळपास तेवढाच वेळ घेतं, त्याआधी दुकानात जावं लागतं ते वेगळंच.

आठवडा कसा लावता येईल?

सोमवारी मोडाच्या मटकीची उसळ आणि कोपऱ्यावरच्या केंद्रातल्या पोळ्या. मंगळवारी मटार भात आणि कोशिंबीर. बुधवारी तयार पिठाचे डोसे, चटणी घरची. गुरुवारी पिठलं-भात. शुक्रवारी थालीपीठ-दही. पाचही दिवस ओट्यापाशी साधारण अर्धा-पाऊण तास जातो आणि मीठ-तेल किती घालायचं हे आपणच ठरवतो.

यात आणखी एक गोष्ट आहे. उडीद डाळ किती वेळ भिजवायची, पीठ कितपत आंबलं की पुरे, हे बऱ्याच घरांत एकाच व्यक्तीला माहीत असतं, म्हणून काम तिच्याकडेच राहतं. तयार पिठाचा डोसा घालायला मात्र तव्याचा अंदाज आला की झालं. तो बाबांना घालता येतो, आजोबांना येतो, कॉलेजात जाणाऱ्या मुलालाही येतो. बुधवारी पाकीट फ्रीजमधून कुणी काढायचं, हे सोमवारीच ठरवून टाका.