दाह शमला, तंतूचे काय?

पॅरिस येथील साल्पेत्रिएर रुग्णालयातील विख्यात वैद्य झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली एका विकाराचे सुसंगत वर्णन केले. मृत रुग्णांच्या मेंदूत व मज्जारज्जूत त्यांना जागोजागी कठीण झालेले चट्टे आढळले होते. पुढे या विकारास मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे ‘अनेक ठिकाणचे काठिण्य’, हे नाव रूढ झाले. बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान तो प्रथम दिसतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक गाठतो. एका डोळ्याची दृष्टी अंधुक होणे, पायांतील बळ जाणे, मुंग्या येणे, तोल सुटणे ही त्याची लक्षणे होत.

हे घडते कसे? विजेच्या तारेवर रबराचे वेष्टन असावे, तसे मज्जातंतूवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. त्याच्यामुळे संदेश वेगाने जातो. जंतूंशी लढण्यासाठी असलेल्या शरीराच्या रक्षक पेशी या विकारात आपल्याच मायलिनवर चालून जातात. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार. तेथे दाह होतो, आवरण झिजते आणि संदेश अडखळतो. दाह ओसरला की सूज उतरते, काही आवरण पुन्हा तयार होते आणि रुग्णास बरे वाटू लागते.

मग दाह शमविला म्हणजे काम झाले काय? डोळ्याच्या मज्जातंतूचा दाह झालेल्या ४५७ रुग्णांवर अमेरिकेत एक परीक्षण झाले. त्याचे निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाले. शिरेतून मेथिलप्रेडनिसोलोन दिलेल्यांची दृष्टी लवकर सुधारली खरी. परंतु वर्षाअखेरीस ते न मिळालेल्यांची दृष्टीही जवळजवळ तितकीच सुधारली होती. २००३ साली जर्मन संशोधकांना उंदरांवरील प्रयोगांत याहून विचारात पाडणारी गोष्ट आढळली. पेशीला जगविणारा तिचा स्वतःचा एक मार्ग या औषधाने अडतो आणि डोळ्यातील मज्जापेशींचा नाश वाढतो. उंदरांवरील निष्कर्ष माणसास जसाच्या तसा लागू होत नाही. तीव्र झटका लवकर ओसरावा म्हणून हे औषध आजही दिले जाते. मात्र तंतूंचे रक्षण त्याच्यावर सोपविता येत नाही.

त्या रक्षणाची निकड १९९८ साली ब्रूस ट्रॅप व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्ट केली. दाहाच्या चट्ट्यांत आवरणाबरोबर आतील तंतूही तुटतात, आणि हे रोगाच्या आरंभापासूनच घडते, असे त्यांनी दाखविले. आवरण काही अंशी भरून येते. मेंदूतील तुटलेला तंतू मात्र पुन्हा सांधला जात नाही.

यासाठी झटकाच येऊ नये, असा यत्न करणारी औषधे पुढे आली. १९९३ साली इंटरफेरॉन बीटास व २०१७ साली ऑक्रेलिझुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली. ही औषधे दाहाला आधीच आवर घालतात आणि त्या वाटेने तंतूंची हानी कमी करतात. दाह मंद असतानाही हळूहळू चालणारी झीज थांबवील असे, मज्जापेशीस थेट जपणारे सिद्ध औषध अद्याप हाती नाही. रक्तदाबाची वा अंगदुखीची गोळी येथे उपयोगाची नाही.

म्हणून दृष्टी परत आली, पाय पुन्हा चालू लागले, एवढ्यावरून रुग्णाने औषध आपणहून सोडू नये. त्या निवांत दिसणाऱ्या महिन्यांतच पुढील पुष्कळ वर्षांचे चालणे आणि पाहणे राखायचे असते.