विश्लेषण : एकच ठिपका पुन्हा पुन्हा का मोजतात?

प्रथिनाची रचना कळली, तर औषध त्याच्या कोणत्या खाचेत बसेल हे ताडता येते. त्यासाठी प्रथिनाचा स्फटिक क्ष-किरणांच्या झोतात अंशाअंशाने फिरवतात. किरण विखुरतात आणि डिटेक्टरवर हजारो ठिपके उमटतात. कोणता ठिपका किती तीव्र, यावरून अणूंच्या जागा काढल्या जातात. पण तोच ठिपका चारदा, दहादा, कधी त्याहून अधिक वेळा मोजतात. याला ‘रिडंडन्सी’ म्हणतात. नाव फसवे आहे, कारण या मोजण्या अनावश्यक नसतात.

एकदा मोजून का भागत नाही?

प्रत्येक मोजणीत थोडी चूक असतेच. स्फटिकातील सममितीमुळे तीच तीव्रता वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा मिळते. सरासरी काढली, की योगायोगाने होणाऱ्या चुका वर्गमुळाच्या हिशेबाने घटतात : ४ मोजण्यांत निम्म्या, १६ मोजण्यांत पाव. प्रथिनातील गंधकाच्या अणूंच्या आधारे रचना सोडवायची, तर ठिपक्यांच्या जोडीतील फरक जेमतेम एखाद्या टक्क्याचा असतो. तो एका मोजणीत हाती लागणे कठीणच.

मग अधिक मोजणाऱ्याला कमी गुण का?

मोजणीचा दर्जा अनेक वर्षे ‘आर-मर्ज’ या आकड्यावरून ठरे. वेगवेगळ्या नोंदी सरासरीपासून किती टक्के दूर, हे तो सांगतो. कमी तितका चांगला. गोम अशी, की दोनच नोंदी असल्या तर सरासरी त्यांच्या बरोबर मध्ये येते आणि अंतर उगाच कमी दिसते. खरी तफावत १० टक्के असेल, तर दोनदा मोजल्यावर आकडा ७च्या आसपास येतो, दहादा मोजल्यावर साडेनऊच्या. म्हणजे सरासरी अधिक अचूक, पण आकडा वाईट! के डीडरिक्स आणि अँड्र्यू कार्प्लस यांनी १९९७ मध्ये मोजण्यांची संख्या हिशेबात धरणारा सुधारित आकडा सुचवला. जुन्या निकषांनी फेकून दिल्या जाणाऱ्या क्षीण ठिपक्यांतही उपयुक्त माहिती असते, हे याच जोडीने २०१२ मध्ये दाखवले.

मग मोजतच का राहू नये?

क्ष-किरण स्फटिकाला इजा करतात. उणे १७३ अंश सेल्सिअसला गोठवूनही ती थांबत नाही, फक्त मंदावते. उशिराच्या नोंदी बिघडलेल्या स्फटिकाच्या असतात. त्या सरासरीत मिसळल्या तर फायद्याऐवजी तोटाच. म्हणून आता झोत सौम्य ठेवून स्फटिक अधिक वेळा फिरवतात. एकूण मात्रा तेवढीच राहते, नोंदी मात्र वाढतात.