जुन्या सायकलीला मडगार्ड बसविताना

पावसाळ्यात सायकलस्वाराच्या पाठीवर चिखलाची जी उभी रेघ उमटते, तिच्यामागे गतिशास्त्राचा एक साधा नियम आहे. फिरत्या चाकाला लागलेला पाण्याचा थेंब प्रत्येक क्षणी सरळ रेषेत निसटू पाहतो. सायकलीचा वेग ताशी १५ किलोमीटर असेल, तर टायरच्या परिघावर त्या थेंबाला वर्तुळात धरून ठेवण्यासाठी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पाचपट प्रवेग लागतो. तेवढी पकड रबर व पाणी यांच्यामध्ये सहसा नसते. म्हणून थेंब स्पर्शरेषेच्या दिशेने सुटतो. मागच्या चाकाच्या अगदी मागील बिंदूपाशी ही रेषा सरळ वर जाते. हवेचा विरोध जमेस धरला नाही, तर तेथून सुटलेला थेंब सुमारे ८८ सेंटीमीटर चढतो. किंचित वरून सुटलेले थेंब पुढे झुकतात आणि स्वाराच्या पाठीवर आदळतात. पुढच्या चाकाच्या तळाशी सुटणारे पाणी मागे फेकले जाते व पाय आणि साखळी यांवर पडते. त्यातील बारीक वाळू तेलात मिसळली की साखळी कानशीने घासावी तशी झिजू लागते.

यावर उपाय म्हणजे मडगार्ड. परंतु जुन्या सांगाड्याला तो बसविणे नेहमीच सोपे नसते.

अडचण कोठे असते?

आपल्याकडील २८ इंची चाकांच्या जड सायकली मडगार्ड गृहीत धरूनच आखलेल्या असतात. त्यांच्यात चाक आणि सांगाडा यांमध्ये ऐसपैस मोकळी जागा असते. याउलट, शर्यतीच्या धर्तीवर बनविलेल्या सांगाड्यांत ही जागा मुद्दाम कमी ठेवलेली आढळते. ब्रिटन व अमेरिका येथे १९७० च्या दशकात प्रचलित असलेल्या २७ इंची चाकांच्या पुष्कळ सायकली या प्रकारच्या आहेत.

अरुंद जागा साधारणतः चार ठिकाणी असतात. पहिली, पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या माथ्याखाली. दुसरी, त्या चिमट्याच्या दोन दांड्यांमध्ये. तिसरी, मागच्या ब्रेकजवळील आडनळीखाली. आणि चौथी, पायडलांच्या आसामागे, जेथे मागचे टायर सांगाड्याच्या उभ्या नळीला जवळजवळ भिडते.

आधी मोजमाप

टायरमध्ये पूर्ण हवा भरावी आणि ठाऊक असलेल्या जाडीच्या ड्रिलच्या काड्या या फटींत एकामागून एक घालून पाहाव्यात. जी काडी जेमतेम जाईल, तिची जाडी म्हणजे त्या ठिकाणची मोकळी जागा. टायरची रुंदीही छापील आकड्यावरून न घेता प्रत्यक्ष मोजावी. मडगार्ड टायरहून आठ ते दहा मिलिमीटर रुंद असावा.

एक उदाहरण घेऊ. टायरवर ३२-६३० असे आकडे आहेत. म्हणजे टायरची रुंदी ३२ मिलिमीटर, आणि रिमवर ते जेथे बसते तेथील व्यास ६३० मिलिमीटर. माथ्याखाली ९ मिलिमीटर जागा आहे. मडगार्डचा पत्रा १ मिलिमीटर, बोल्टचे डोके ३ मिलिमीटर आणि टायरवर मोकळे अंतर किमान ६ मिलिमीटर धरले, तर १० मिलिमीटर लागतात. म्हणजे एक मिलिमीटर कमी पडतो. टायरची उंची साधारणपणे तिच्या रुंदीएवढी असते. म्हणून २८ मिलिमीटरचे टायर घातल्यास सुमारे ४ मिलिमीटर जागा मिळते. त्याऐवजी चाकच बदलून ६२२ मिलिमीटर व्यासाचे घेतले, तर त्रिज्या ४ मिलिमीटरने घटते. दोन्ही उपाय केल्यास ९ चे १७ मिलिमीटर होतात. मात्र चाक बदलल्यास ब्रेकचे रबर ४ मिलिमीटर खाली यावे लागते. ब्रेकच्या खाचेत तेवढी सोय आहे की नाही, हे चाक विकत घेण्यापूर्वीच पाहावे. कारण टायरला घासणारा ब्रेक चिखलाहून धोक्याचा आहे.

पत्र्यावरील काम

चिमट्याच्या दांड्यांमध्ये मडगार्ड अडत असेल, तर तेवढ्याच भागात त्याच्या दोन्ही कडा कापून कानशीने गुळगुळीत कराव्यात. माथ्याखाली जागा मुळीच नसेल, तर मडगार्डचे दोन तुकडे करून एक पुढून व दुसरा मागून काटकोनी पट्टीने ब्रेकच्या बोल्टला जोडावा. मधल्या भागात माथाच मडगार्डचे काम करतो.

मागे कधी उलट स्थिती असते. आडनळी टायरपासून फार दूर पडते. तेथे लाकडाचा किंवा जाड चामड्याचा तुकडा मध्ये घालून अंतर भरावे. मडगार्ड ओढून बोल्टपर्यंत आणू नये, आधार मडगार्डपर्यंत न्यावा. ताणून बसविलेला पत्रा रस्त्याच्या हादऱ्यांनी बोल्टच्या भोकापाशी चिरतो. आधाराच्या तारांसाठी सांगाड्याला भोके नसतील, तर रबराचे अस्तर असलेली कडी नळीभोवती आवळावी. चिमट्याच्या नळीला भोक कदापि पाडू नये. तेथून ती मोडू शकते.

शेवटची तपासणी

चाक उचलून फिरवावे व ते कोठेही घासत नाही याची खात्री करावी. पायडल पुढे आणून हँडल दोन्हीकडे वळवावे. बुटाचे टोक मडगार्डला लागत असेल, तर हळू वेगात वळताना तोल जाण्याचा संभव असतो.

सर्वांत मोठा धोका पुढच्या मडगार्डचा. एखादी काटकी टायरबरोबर आत ओढली गेली, तर मडगार्ड दुमडतो, चाक एकाएकी थांबते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून पुढच्या तारा झटका बसताच सुटतील अशा जोडणीच्या असाव्यात. दख्खनच्या काळ्या मातीच्या प्रदेशात आणखी एक विचार करावा लागतो. तेथील ओली माती अरुंद फटीत घट्ट बसून चाक अडविते. अशा वाटेवर जाणाऱ्याने मोकळी जागा अधिक ठेवावी. ती मिळत नसेल, तर त्या सांगाड्याला मडगार्ड न लावणेच शहाणपणाचे. पाठीवरचा चिखल धुता येतो. अडकलेल्या चाकाने झालेली दुखापत तशी धुऊन निघत नाही.